वापरून झाल्यावर पाण्यात सोडा

स्लाऊ
२ ऑगस्ट २०२५

ती. पद्माकरमामांना साष्टांग नमस्कार.

मार्चमध्ये हॅरोला तुमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा तुम्ही बजावलं होतं की फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांचे गुलाब बघायला मला वेळ नाही. काम असेल तर पत्र लिही. काम निघालं आहे. तिकीट लावून पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाठवते आहे, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या मावसबहिणीने, म्हणजे माझ्या आईने, तुम्हाला सांगितलं असेल की सुनेत्रा इंग्लंडात पॅकेजिंगमध्ये आहे. ते खोटं आहे आणि ती थाप मीच तिला मारली आहे. आमची कंपनी कागद बनवते. मी गेली दोन वर्षं पब्लिक टॉयलेटच्या सीटवर अंथरायचा कागद बनवते आहे. पातळ, मधोमध भोक असलेला, वापरून झाल्यावर फ्लश करायचा. पुण्यात आई चार जणींना माझं कौतुक सांगते. त्यात हे कुठे बसवायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

गंमत म्हणजे हे काम मी आईमुळेच घेतलं. गेल्या वर्षी ती इथे आली तेव्हा विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत तिने पाण्याचा घोट घेतला नाही. बाहेरच्या टॉयलेटला जावं लागेल ना. आम्ही वेल्सला निघालो तर सकाळपासून चहासुद्धा बंद. आयुष्यभर ती असाच प्रवास करत आली आहे.

आता काम. हा कागद ओल्या सीटवर दोन-चार मिनिटं टिकला पाहिजे आणि खाली पाण्यात पडला की विरघळून गेला पाहिजे. लॅबमध्ये पाण्याच्या हलत्या पेटीत तो व्यवस्थित सुटतो. पण खरी परीक्षा खऱ्या माणसांची, आणि आपल्या लोकांइतकं पाणी टॉयलेटमध्ये कोणी वापरत नाही. तुमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कमोडशेजारी झाडांना पाणी घालायची हिरवी झारी ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. तिथे टिकला तर कुठेही टिकेल. येत्या तीस तारखेला गणपतीचा कार्यक्रम आहे आणि हॉलच्या किल्ल्या तुमच्याकडे असतात. बायकांच्या तीन टॉयलेटमध्ये कागद ठेवू द्याल?

लपवत नाही, मामा. मोटरवेवरच्या विश्रांतिस्थळांचा एक मोठा क्लायंट आमचे आकडे बघून ठरवणार आहे. त्याने नाही म्हटलं तर हा प्रोजेक्ट बंद. प्रोजेक्ट बंद तर माझी नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसाप्रमाणे दुसरी शोधायला साठ दिवस. नाहीतर पुणे.

सोबत चार नमुने ठेवले आहेत. अलकामामींना नमस्कार.

तुमची,
सुनेत्रा


हॅरो
७ ऑगस्ट २०२५

चि. सुनेत्रा, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तिकीट सरळ लावलं आहेस, म्हणजे सुरुवात बरी आहे.

"फ्लश करायचा" हे शब्द वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि बागेत एक चक्कर मारून आलो. का, ते सांगतो. आपल्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे की पद्माकर लंडनला पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता. पाणी होतं हे खरं, पुरवठ्याचं नव्हतं. कौन्सिलच्या ड्रेनेजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. पाकिटावर फ्लश करण्याजोगे म्हणून छापलेले वेट वाइप्स मी या हातांनी टनावारी बाहेर काढले आहेत. ते विरघळत नाहीत. ते एकमेकांना धरून बसतात. तेव्हा तुझ्या लॅबच्या पेटीवर माझा विश्वास नाही.

अलकाची कपडे भिजवायची बादली घेतली, त्यात तुझा एक नमुना टाकला आणि वेताच्या काठीने ढवळत बसलो. अकरा मिनिटांत काठीला काही लागेना. दुसरा टाकला. नऊ मिनिटं. तिसरा मुद्दाम दुमडून टाकला, त्याला चौदा लागली. मग मी आत येऊन चहा घेतला आणि तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मंडळाच्या अध्यक्ष सुलक्षणाबाई आधी नाराज झाल्या. देवाच्या कार्यक्रमात हे कसले प्रयोग, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं की देव हॉलमध्ये आहे आणि प्रयोग कॉरिडॉरच्या टोकाला. शेवटी हो म्हणाल्या.

एक सल्ला देतो. आपल्या बायकांना हा भोकाचा कागद काय आहे ते कळणार नाही, आणि त्या विचारणारही नाहीत. म्हणून काय करायचं ते कागदावरच छाप. मराठीत, ठळक अक्षरांत. इतकी वर्षं इथे राहून मला एवढं कळलं आहे की आपल्या भाषेत सांगितलं की आपली माणसं ऐकतात.

ड्रेनेजचं तुझ्या आईला सांगू नकोस. चाळीस वर्षं सांभाळलेली थाप आहे.

तुझा,
पद्माकरमामा


स्लाऊ
१ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

मी आज लॅबमध्ये नाचले. खरंच नाचले, माझा बॉस गॅरेथ साक्षीला आहे.

दोनशे चाळीस कागद ठेवले होते. रात्री डबे उघडले तर एकोणीस उरलेले. म्हणजे दोनशे एकवीस वापरले गेले आणि तुंबण्याचा एकही प्रकार नाही. शून्य! गॅरेथ म्हणाला, असा आकडा त्याने अजून पाहिला नव्हता. त्याने स्वतः केक आणला.

श्रेय तुमच्या सल्ल्याला. "मधला भाग फाडा. सीटवर अंथरा. वापरून झाल्यावर पाण्यात सोडा." प्रत्येक कागदावर तीन ओळी, निळ्या शाईत, अगदी सुबक. शाईसुद्धा पाण्यात सुटणारी वापरली. मी साडी नेसून कॉरिडॉरबाहेर उभी होते आणि बाहेर येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे बघून गोड हसत होती. सुलक्षणाबाईंनी तर जाताना माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "कागद फार सुरेख आहे हो तुझा." मला भरून आलं.

या आठवड्यात रिपोर्ट पूर्ण करून सोमवारी क्लायंटला पाठवते आहे. अलकामामींचं काय मत झालं? त्या काही बोलल्याच नाहीत, घाईघाईने गाडीत जाऊन बसल्या.

तुमची,
सुनेत्रा


हॅरो
४ सप्टेंबर २०२५

चि. सुनेत्रा,

अभिनंदन.

इकडे हवा बरी आहे. सफरचंदं यंदा बरीच धरली आहेत, पण किडकी निघतात. अलका ठीक आहे. तिची स्वयंपाकघराची आवराआवर चालू आहे.

रिपोर्टची घाई करू नकोस. माणसाने आकडे दोनदा बघावेत, असं आपलं मला वाटतं.

मामा


स्लाऊ
९ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र इतकं छोटं होतं की मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. तब्येत बरी आहे ना?

आकडे दोनदा काय, पाचदा पाहिले. काल रिपोर्ट गेला आणि आज क्लायंटचा मेल आला, फार खूश आहेत. तीस तारखेला मीटिंग. गॅरेथ म्हणतो, सही झालीच म्हणून समज. मी दोन वर्षांत पहिल्यांदा घरासाठी पडदे घेतले. इतके दिवस वाटायचं, परत जायचं असेल तर पडदे कशाला.

अलकामामींना मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाल्या कुकर लावलाय, दुसऱ्यांदाही कुकरच होता. माझं काही चुकलं का?

सुनेत्रा


हॅरो
१६ सप्टेंबर २०२५

चि. सुनेत्रा,

हे पत्र बसून वाच.

तीन सप्टेंबरला, म्हणजे तुला ते छोटं पत्र लिहायच्या आदल्या दिवशी, मी बेसनाचा लाडू घ्यायला डबा उघडला. लाडू उचलला. खाली पांढरा, स्वच्छ, गोल कापलेला कागद आणि त्यावर निळ्या अक्षरांत: वापरून झाल्यावर पाण्यात सोडा.

मी अलकाला हाक मारली. तिने आधी विषय बदलला. मग सगळे डबे काढून दाखवले. रवा, शेवया, चिवडा, सगळ्यांच्या तळाला तुझा कागद. एकट्या अलकाच्या पर्समधून बत्तीस आले होते. मी विचारलं, वापरला का नाहीस? तर म्हणाली, "अहो, अक्षरांवर बसायचं कसं?"

आपल्याकडे कागदाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. लहानपणी एकदा मी वहीवर बसलो होतो तर आईने पाठीत धपाटा घातला होता. पोथीत असतात तीच अक्षरं त्या कागदावर, आणि त्यावर बसायचं, वर ती संडासात सोडायची. कुठल्या बाईला जमेल? अलकाला विचारलं, इंग्रजीत छापलं असतं तर? तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली इंग्रजीला हरकत नव्हती.

बरं, वापरायचा नाही तर नाही, पण इतका चांगला कागद टाकवेना. तुला वाईट वाटू नये म्हणून डब्यात परतही ठेवला नाही. घेतला आणि पर्समध्ये घातला. मी गेले दोन आठवडे एकेकीच्या घरी चहाला जातो आहे. सुलक्षणाबाईंनी चकल्यांचं तेल टिपायला वापरले. त्यांच्या जाऊबाई प्रमोदिनी अनारशांच्या थरांमध्ये घालतात आणि म्हणतात, असा कागद दुकानात मिळत नाही. आजवर दोनशे सहांचा हिशेब लागला. तुंबलं नाही, कारण पाण्यात काही गेलंच नाही, सुनेत्रा.

मराठीत छाप, हा सल्ला माझा होता. आणि कळूनही मी तुला चार तारखेला सफरचंदांविषयी लिहिलं. पडद्यांचं वाचल्यापासून मला जेवण जात नाही. मला वाटलं होतं, कदाचित तू थांबशील, कदाचित मी मोजण्यात चुकलो असेन. मला सांगायचा धीर झाला नाही.

आता तुझं तू ठरव. मी कोणाजवळ बोलणार नाही आणि बायका तर मुळीच बोलणार नाहीत.

पद्माकर


स्लाऊ
१९ सप्टेंबर २०२५

मामा,

मला तुमचा राग आला आहे. मोठ्या माणसांना असं लिहू नये, पण लिहिते. चार तारखेला तुम्ही एक ओळ लिहिली असती तर रिपोर्ट गेलाच नसता. आता खोटे आकडे माझ्या सहीने त्यांच्याकडे पडले आहेत. सफरचंदं!

आणि मामींचा राग नाही, हे त्यांना सांगा. मी स्वतः त्या कागदांची भोकं मोजत बसले, शाई निवडली, अक्षरांची वळणं चार वेळा बदलून घेतली, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की त्यावर कोणी बसणार आहे. माझ्या हातून खाली पडलेला छापील नमुना मी लॅबमध्ये उचलून कपाळाला लावला होता. गॅरेथने विचारलं हे काय, तर मी हसून टाळलं. तेव्हा तरी कळायला हवं होतं.

रात्रभर विचार केला की गप्प बसावं. कागद चांगला आहे, तुमच्या बादलीने सांगितलंय. पण तो खरंच चांगला आहे का, हे मलाच अजून माहीत नाही. उद्या कुठल्याशा मोटरवेवर आईसारखी कोणी बाई त्याच्या भरवशावर चहा पिऊन निघेल.

आत्ता अकरा वाजता गॅरेथकडे जाते आहे. हे पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

सुनेत्रा


स्लाऊ
२ ऑक्टोबर २०२५

ती. मामा, साष्टांग नमस्कार.

राग उतरला. आता ऐका.

गॅरेथने सगळं शांतपणे ऐकलं, अनारसे म्हणजे काय ते विचारलं आणि मग टेबलावर डोकं टेकवून इतका हसला की बाजूच्या केबिनमधून लोक आले. डोळे पुसून झाल्यावर मात्र म्हणाला, क्लायंटला आजच कळवायचं, आणि तूच कळवायचं. कळवलं. ते हसले नाहीत. तीस तारखेची मीटिंग झाली ती एवढ्यापुरतीच की आम्हाला एक शेवटची संधी मिळेल. त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच गर्दीत, पण त्यांच्या माणसासमोर. कागद बनवणाऱ्यांपैकी कोणी तिथे असता कामा नये. एकदा जरी तुंबलं तरी प्रोजेक्ट बंद.

म्हणजे पंचवीस ऑक्टोबर, दिवाळीचा कार्यक्रम. मी येऊ शकत नाही. कागदावर एकही अक्षर नाही, ठिपकासुद्धा नाही. बाकी सगळं तुमच्यावर सोपवते आहे. पडदे मी अजून लावलेले नाहीत.

तुमची,
सुनेत्रा


हॅरो
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सुनेत्रा, अनेक आशीर्वाद.

क्लायंटचं पत्र यायला आठवडा लागेल. त्याआधी तुला कळावं म्हणून लगेच लिहितो आहे. तुंबलं. घाबरू नकोस, पुढे वाच.

सुरुवातीपासून सांगतो. दिवे लावून झाल्यावर सुलक्षणाबाईंनी मला दोन शब्द बोलायला माइकवर बोलावलं आणि नेहमीप्रमाणे ओळख करून दिली, की पद्माकरराव पाणीपुरवठ्यातले मोठे इंजिनिअर. दोनशे माणसं बसलेली. क्लायंटच्या बाई मागच्या रांगेत वही घेऊन. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "सुलक्षणाबाई, पाणीपुरवठा नाही. गटार. एकतीस वर्षं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कुठले कागद पाण्यात जातात आणि कुठले जात नाहीत. आमच्या मुलीने हा कागद कशासाठी केला. आपल्या आया आणि बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत. हे बोलताना पुढच्या दोन रांगा खाली बघत होत्या. शेवटी म्हणालो, कागद कोरा आहे, वापरा, आणि कृपा करून घरी नेऊ नका. तेव्हा जो हशा झाला, तो थांबेना.

पहिली अलका गेली. बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "कोरा आहे. जा." त्यानंतर रांग लागली. अलका तीन तास तिथून हलली नाही. कोणाच्या पर्सचं तोंड उघडं दिसलं की नुसती बघायची.

चारच्या सुमाराला प्रमोदिनीबाई धावत आल्या. मधल्या टॉयलेटचं पाणी वर येत होतं. क्लायंटच्या बाईंनी वही उघडली.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तुंबलेली ड्रेन मोकळी करायचे, एकाला एक जोडत जायचे रॉड माझ्या गाडीत असतात. कोट काढून सुलक्षणाबाईंच्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि कार पार्कमधलं ड्रेनचं झाकण उघडलं. भोवती सगळं मंडळ, पैठण्या, झब्बे, हातात फराळाच्या प्लेटा. एवढ्या लोकांसमोर मी हे काम कधी केलं नव्हतं. चार रॉड आत गेले, पाचवा अडकला. फिरवला, ओढला, आणि आलं बाहेर.

वेट वाइप्स. सतरा, एकमेकांना घट्ट धरून. कोणीतरी बाळाला पुसून सोडून दिले होते, पाकिटावर लिहिलं होतं म्हणून. क्लायंटच्या बाईंनी वाकून एकेक मोजला आणि फोटो काढले. मग मला विचारलं, आणि तुमचा कागद? मी पुन्हा रॉड घातला. जाळी लावून पाहिलं. पुढचं झाकण उघडलं, त्याच्या पुढचंही. त्या दिवसात एकशे अठ्ठ्याण्णव कागद पाण्यात गेले होते. आमच्या घरातल्या एकाही डब्यात नवा कागद नाही, मी सकाळी तपासले.

एक तुकडासुद्धा नव्हता, सुनेत्रा. वाहतं पाणी फक्त. एकतीस वर्षं मी गटारात काही ना काही शोधत आलो. काल काही सापडलं नाही म्हणून मी तिथे गुडघ्यावर बसून रडलो, आणि क्लायंटच्या बाईंनी मला रुमाल दिला. कापडी होता, ते बरं झालं.

प्रमोदिनीबाईंनी मला हात धुवायला पाणी घातलं. हिरव्या झारीने.

पडदे लाव.

तुझा,
पद्माकरमामा


स्लाऊ
४ नोव्हेंबर २०२५

ती. मामा आणि मामी, साष्टांग नमस्कार.

सही झाली. क्लायंटच्या रिपोर्टमध्ये तुमचं नाव आहे, आणि त्यापुढे लिहिलं आहे: निवृत्त ड्रेनेज इंजिनिअर. मी ते पान तुमच्यासाठी फ्रेम करून आणणार आहे. मी इथेच राहते आहे.

तुम्ही माइकवर सांगितलंत, मग मला काय झालं होतं? रविवारी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, अगदी संडास हा शब्द वापरून. तुमचंही सांगितलं, त्याबद्दल माफ करा. तिने आधी विचारलं, पद्माकरला इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही का, बाबा रे, तू नक्की काय करतोस म्हणून?

त्यानंतर तिने कागदाची जाडी विचारली, मापं विचारली, ओल्या सीटवर किती वेळ टिकतो ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, मेमध्ये ती इकडे येते आहे, त्याआधी वीस कागद पोस्टाने पाठव, कोरे. पर्समध्ये ठेवीन.

आणि फोन ठेवता ठेवता, मी काही न विचारता, म्हणाली की या वेळी विमानात ती पाणी पिणार आहे.

तुमची,
सुनेत्रा